नारिंगी बुरशी पांढरी कां झाली?

पावसाळ्यांत भाकरी दोन दिवस झांकलेली राहिली कीं तिच्यावर बुरशी चढते आणि ती टाकून द्यावी लागते, हा अनुभव कोणत्याहि घराला नवा नाहीं. बुरशी म्हणजे नासाडी, हें समीकरण त्यामुळें आपल्या मनांत लहानपणींच ठरून गेलेलें असतें. परंतु जनुकांच्या अभ्यासांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें आहे अशा पंडितांपाशीं गोष्ट काढावी, तों ते पावावर चढणाऱ्या एका नारिंगी बुरशीचें नांव मोठ्या आदरानें घेतात. कारण गेल्या शतकांत ह्या बुरशीनें त्यांना दोन मोठे धडे दिले. त्यांतील पहिला महाविद्यालयाच्या पाठ्यपुस्तकांतून आतां सर्वत्र शिकविला जातो. दुसरा तितका परिचित नाहीं, आणि तोच समजावून सांगावा ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

ह्या बुरशीचें शास्त्रीय नांव न्युरोस्पोरा क्रासा. १८४३ च्या सुमारास हिच्या कुळांतल्या नारिंगी बुरशीनें पॅरिस येथील भटारखान्यांत पावांवर इतका उच्छाद मांडला होता कीं फ्रेंच सरकारला तिची रीतसर चौकशी करवावी लागली. जावा बेटांतील लोकांनीं मात्र तिच्या एका बहिणीशीं सख्य जोडलें आहे. तेल काढून उरलेल्या भुईमुगाच्या पेंडीवर ते तिला मुद्दाम वाढवितात आणि त्या पेंडीच्या वड्या आवडीनें खातात. रान पेटून गेल्यावर जळक्या खोडांवर हिचे नारिंगी झुपके लवकरच दिसूं लागतात, कारण हिचे सुप्त बीजाणु उष्णतेच्या धगीनेंच जागे होतात. १९२७ सालीं शियर व डॉज ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं ह्या कुळाला न्युरोस्पोरा हें नांव दिलें. बीजाणूंवरील उभ्या रेषा त्यांना मज्जातंतूंसारख्या भासल्या होत्या.

प्रयोगशाळेंत ही बुरशी फार सोयीची ठरली. थोडी साखर, कांहीं क्षार आणि बायोटिन हें एक जीवनसत्त्व, एवढ्या शिध्यावर ती झपाट्यानें वाढते. शिवाय तिच्या गुणसूत्रांचा संच एकेरी असतो. माणसांत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असल्यामुळें एकींतला दोष दुसरी झांकून घेते. ह्या बुरशींत तसें पांघरूण घालावयास दुसरी प्रत नसते, म्हणून जनुक बिघडलें कीं बिघाड लगेच उघडा पडतो. तिचा नारिंगी रंग गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच जातीचा आहे. तो तयार करण्याचें काम कांहीं जनुकें करतात. त्यांतील एखादें निकामी झालें तर बुरशी पांढरी होते, आणि तें पाहण्यास सूक्ष्मदर्शकाचीहि गरज पडत नाहीं. शेंकडों कांचनळ्यांतून हवी ती नळी नुसत्या नजरेनें निवडून काढतां येते. रंगाची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती फार उपयोगी पडणार आहे.

पहिला धडा १९४१ सालचा. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉर्ज बीडल व एडवर्ड टेटम ह्यांनीं ह्या बुरशीवर क्ष-किरण सोडून तिचीं जनुकें बिघडविलीं. किरण लागलेल्या बीजाणूंपासून वाढविलेल्या वाणांत २९९ व्या क्रमांकाचा वाण असा निघाला कीं तो साध्या शिध्यावर वाढेना. परंतु ब-६ जीवनसत्त्व घातलें कीं वाढूं लागे. म्हणजे तें जीवनसत्त्व स्वतः तयार करण्याची त्याची शक्ति एका जनुकाच्या बिघाडानें गेली होती. पेशींतील रासायनिक क्रियांचा एकेक टप्पा एकेक जनुक सांभाळतें, हा विचार येथून दृढ झाला, आणि १९५८ च्या नोबेल पारितोषिकांत दोघांनाहि वांटा मिळाला.

जनुकाचें काम ओळखण्याची ही रीत वस्तुतः फार साधी आहे. जनुक मोडावें आणि काय अडतें तें पाहावें. परंतु कांहीं जनुकें अशीं असतात कीं तीं मोडलीं तर जीवच उरत नाहीं. मग अडलें काय, हें पाहावयाचें कोणांत? मळ्यांतल्या पिकांना पाण्याची गरज किती हें जाणण्यासाठीं कोणी विहीर बुजवीत नाहीं. पाट थोडा आवळावा, निम्मेंच पाणी सोडावें, आणि कोणता वाफा आधीं मान टाकतो तें पाहावें, हें शहाणपणाचें. जनुकांच्या बाबतींत पाट कसा आवळावा, हाच त्या नारिंगी बुरशीचा दुसरा धडा होय.

तो समजण्यापूर्वीं पेशींतील कारभार थोडासा ठाऊक हवा. मूळ दस्तऐवज तालुक्याच्या कचेरींत कुलपांत असतो. ज्याला गरज असेल त्याला त्याची नक्कल मिळते आणि पुढचें सगळें काम नकलेवरून चालतें. पेशींतहि असेंच आहे. डी. एन्. ए. हा मूळ दस्तऐवज. तो केंद्रकाच्या आंत राहतो. जनुक म्हणजे त्या दस्तऐवजांतील एक कलम. ह्या कलमाची जी नक्कल निघते ती आर्. एन्. ए. ह्या द्रव्याची असते. ती केंद्रकाबाहेर पडते आणि तिच्याबरहुकूम प्रथिनें तयार होतात. डी. एन्. ए. दुपदरी असतो, नक्कल सामान्यतः एकपदरी असते. एका पदरावरच्या अक्षरांना दुसऱ्या पदरावरचीं ठराविकच अक्षरें जुळतात, जशीं गुंड्यांना काजें. ‘सामान्यतः एकपदरी’ असें जें आम्ही म्हटलें तें विसरूं नये; सर्व गोष्टीचें मर्म त्या दोन शब्दांत आहे.

आतां रोमकडे वळूं. तेथील विद्यापीठांत जुझेप्पे माचिनो ह्यांच्या प्रयोगशाळेंत ह्याच रंगाच्या जनुकांवर काम चाललें होतें. निकोलेत्ता रोमानो व माचिनो ह्यांनीं ‘अल्बिनो-१’ आणि ‘अल्बिनो-३’ ह्या रंग तयार करणाऱ्या जनुकांचे जादा तुकडे धडधाकट नारिंगी बुरशींत घातले. रंगाच्या जनुकांत भर पडली तर रंग गडद होईल, फार तर होता तसा राहील, अशी कोणाचीहि कल्पना होईल. झालें उलटेंच. अशा रीतीनें तयार झालेल्या वाणांपैकीं पुष्कळसे फिकट किंवा अगदीं पांढरे निघाले. बाहेरून आलेल्या पाहुण्यानें घरच्या माणसाचें तोंडहि बंद करावें, तसा हा प्रकार होता. ही हकीकत त्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केली व तिला इंग्रजींत ‘क्वेलिंग’ असें नांव दिलें. बंडाळी मोडून शांत करणें असा त्या शब्दाचा भाव आहे. आम्ही त्यास ‘शमन’ म्हणूं.

असाच चमत्कार दोन वर्षें आधीं फुलांत दिसला होता. जांभळ्या पेट्युनियाचा रंग अधिक खुलावा म्हणून रंगाच्या जनुकाची एक जादा प्रत तिच्यांत घातली असतां कांहीं झाडांना पांढरीं व कांहींना पांढऱ्या-जांभळ्या पट्ट्यांचीं फुलें आलीं, असें नापोली, लेमियो व जॉर्गेनसेन ह्यांनीं १९९० सालीं कळविलें होतें. फूल अधिक देखणें खरें. परंतु कोडें सोडविण्याचें काम बुरशींत अधिक सुलभ होतें, कारण ती कांहीं दिवसांत वाढते आणि तिच्यांत एकामागून एक प्रयोग करतां येतात.

पहिली शंका अशी कीं, आंत शिरलेला तुकडा मूळ जनुकावरच जाऊन आदळला असेल आणि तें मोडलें असेल. पण पांढऱ्या झालेल्या वाणांतले कांहीं पुढें वाढतां वाढतां आपोआप पुन्हां नारिंगी झाले, आणि तपासून पाहतां त्यांच्यांतील बरेच जादा तुकडे गळून पडलेले आढळले. मोडलेलें जनुक असें आपण होऊन सांधत नसतें. अर्थात् मूळ दस्तऐवज शाबूत होता. मग नक्कल काढण्याचेंच बंद झालें होतें काय? तेंहि नाहीं. केंद्रकांत कच्ची नक्कल पूर्वीसारखीच निघत होती. पक्की नक्कल तेवढी नाहींशी होत होती. कारकून नकला देत होता, परंतु त्या वाटेंत कोणी तरी फाडून टाकीत होतें.

ह्यानंतरचा प्रयोग आम्हांस सर्व कथेंत सर्वांत सुंदर वाटतो. बुरशीचे दोन धागे भेटले कीं पुष्कळदां ते एकजीव होतात, आणि मग एकाच धाग्यांत दोन निरनिराळ्या वाणांचीं केंद्रकें, एका वाड्यांतील दोन बिऱ्हाडांसारखीं, शेजारीं शेजारीं नांदूं लागतात. कार्लो कोगोनी, माचिनो व त्यांचे सहकारी ह्यांनीं शमन झालेल्या पांढऱ्या वाणाची अशी जोडी नारिंगी वाणाशीं जमविली आणि १९९६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. नारिंगी वाणाच्या केंद्रकांत एकहि जादा तुकडा शिरलेला नव्हता. त्याचें जनुक निर्दोष होतें. तरीहि ह्या संयुक्त बुरशींत शमनाचाच अंमल चालला. एका केंद्रकांतल्या गडबडीची वर्दी दुसऱ्या केंद्रकाच्या नकलांपर्यंत पोंचत होती, आणि पोंचविणारा दूत केंद्रकाबाहेरच्या पेशीरसांतून हिंडत होता. डी. एन्. ए. ला डी. एन्. ए. चा स्पर्श होण्याची आवश्यकताच नव्हती. ह्या एका जोडीवरून कित्येक तर्क एकदम निकालांत निघाले.

हा दूत कोण, हें शोधतांना रोमच्या मंडळींनीं पहिल्या धड्याचीच रीत दुसऱ्या धड्यावर चालविली. शमन करणारी यंत्रणा जनुकांचीच बनलेली असणार; तर मग तींच जनुकें मोडून पाहावीं! शमनानें पांढरी झालेली बुरशी घेऊन त्यांनीं तिच्या जनुकांत बिघाड घडवून आणला आणि हजारों पांढऱ्यांतून पुन्हां नारिंगी झालेली निवडून काढली. जिथें यंत्रणा मोडली तिथें रंग परत येणार, हा त्यांचा हिशेब अचूक होता. १९९७ सालीं अशा वाणांचे तीन गट त्यांनीं जाहीर केले, म्हणजे शमनाला आवश्यक अशीं निदान तीन जनुकें होतीं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिन्हींची ओळख पटली. एक जनुक आर्. एन्. ए. वरून आर्. एन्. ए. ची जोड-पट्टी विणणाऱ्या प्रथिनाचें, एक डी. एन्. ए. चे पदर उलगडणाऱ्या प्रथिनाचें, आणि एक ‘आर्गोनॉट’ नांवाच्या घराण्यांतल्या प्रथिनाचें निघालें. ह्यांतील पहिलें जनुक १९९९ सालीं ओळखलें गेलें, तेव्हां एकपदरी नक्कल दुपदरी होण्याशीं ह्या प्रकरणाचा संबंध आहे हें उघड झालें.

मधल्या काळांत, १९९८ सालीं, अमेरिकेंत अँड्रू फायर व क्रेग मेलो ह्यांनीं एका सूक्ष्म सूत्रकृमींत दुपदरी आर्. एन्. ए. टोंचून घातला असतां त्याच्याशीं जुळणारें जनुक गप्प होतें, आणि त्यासाठीं अगदीं थोडे रेणु पुरतात, असें निःसंशय दाखविलें. पेट्युनिया, बुरशी आणि कृमि ह्यांचीं तीन कोडीं म्हणजे एकच कोडें आहे हें त्यानंतर कळून आलें. २००६ चें नोबेल पारितोषिक फायर व मेलो ह्यांना मिळालें. तें योग्यच होतें, कारण किल्ली त्यांनीं शोधली. तथापि कुलूप कोणत्या दारावर आहे हें माळ्यांनीं आणि बुरशीवाल्यांनीं आधीं दाखवून ठेविलें होतें, एवढें म्हटल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

आज ह्या यंत्रणेचें जें चित्र उभें राहिलें आहे तें थोडक्यांत असें. एखाद्या कलमाच्या पुष्कळ प्रती एकत्र सांचल्या कीं त्यांच्यावरून कांहीं बेढब, अपुऱ्या नकला निघतात. पहिलें प्रथिन अशा नकलेवर दुसरा पदर विणतें आणि ती दुपदरी होते. दुपदरी आर्. एन्. ए. दिसला कीं पेशी सावध होते. ‘डायसर’ नांवाचें प्रथिन, सुपारीवर अडकित्ता चालावा तसें, त्याचे सुमारें २५ अक्षरांचे बारीक तुकडे करतें. न्युरोस्पोरांत असे दोन अडकित्ते आहेत; एक बोथट झाला तरी दुसरा काम भागवितो. हे तुकडे मग आर्गोनॉटच्या हातीं पडतात. तो त्यांतला एक पदर टाकून देतो आणि दुसरा जपून ठेवतो. नाक्यावरच्या शिपायाच्या खिशांत फरारी इसमाचें वर्णन लिहिलेला कागद असावा, तसा हा पदर असतो. येणारी जाणारी प्रत्येक नक्कल त्याच्याशीं ताडून पाहिली जाते, आणि अक्षरें जुळलीं कीं ती तेथेंच कापली जाते. मूळ जनुकाच्या नकलेंतहि तींच अक्षरें असल्यामुळें पाहुण्याबरोबर घरचाहि पकडला जातो, आणि बुरशी पांढरी होते.

बुरशीनें एवढा बंदोबस्त कशासाठीं ठेवला असावा? प्रयोगशाळेंतल्या शास्त्रज्ञांसाठीं तर नव्हे! डी. एन्. ए. मध्यें कांहीं उपटसुंभ तुकडे असतात. ते स्वतःच्या प्रती काढून जागोजाग घुसवीत राहतात. आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट येथून आणलेल्या न्युरोस्पोराच्या एका वाणांत ‘टॅड’ नांवाचा असाच तुकडा सांपडला होता. शमनाची यंत्रणा मोडली तर टॅडचा सुळसुळाट वाढतो, हें २००५ सालीं दिसून आलें. विषाणूंविरुद्धहि हाच पहारा उपयोगी पडतो: चेस्टनट वृक्षांचा संहार करणाऱ्या बुरशीचा एक अडकित्ता काढून घेतला असतां ती विषाणूंच्या संसर्गानें फार खंगते. (लैंगिक प्रजननाच्या वेळीं न्युरोस्पोरा ह्याहून कडक उपाय योजते, दुबार आलेलें कलम ती मूळ दस्तऐवजांतच खोडाखोड करून निकामी करते. तो विषय निराळा आहे.)

येथें एक विलक्षण अपवाद सांगितला पाहिजे. पाव फुगविणारें आपलें नेहमींचें यीस्ट हीहि एक बुरशीच. पण तिच्यांत ना अडकित्ता, ना आर्गोनॉट. इतकी उपयुक्त यंत्रणा तिनें गमावली कशी? २००९ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं यीस्टच्या एका जवळच्या नातलगांतून हीं दोन जनुकें आणून तिच्यांत घातलीं, आणि यंत्रणा पुन्हां सुरू झाली. परंतु त्याबरोबर यीस्टनें आपल्या पोटांत बाळगलेला एक दुपदरी आर्. एन्. ए. चा विषाणु नष्ट झाला. हा विषाणु तिला विष पुरवितो. त्या विषानें ती शेजारच्या प्रतिस्पर्धी यीस्टना मारते आणि स्वतः सुरक्षित राहते. पहारेकरी ठेवला तर घरांतला तलवारबहाद्दर पाहुणाच मारला जातो. म्हणून तिच्या पूर्वजांना पहारेकऱ्याला रजा देणेंच फायद्याचें ठरलें असावें, असा २०११ सालीं त्यांनीं निष्कर्ष काढला. आम्हांस हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो.

आतां पाट आवळण्याच्या युक्तीकडे येऊं. ज्या जनुकाचें काम जाणावयाचें असेल त्याचा एक तुकडा सुलट आणि तोच तुकडा उलट असे, मध्यें थोडें अंतर ठेवून, एकापुढें एक जोडतात व बुरशींत घालतात. त्यावरून निघालेली नक्कल केसांत खोवण्याच्या आकड्यासारखी मध्यें दुमडते आणि तिचीं दोन टोकें परस्परांना चिकटून ती आपोआप दुपदरी होते. पुढचें सर्व काम बुरशी स्वतःच करते: तिचाच अडकित्ता, तिचाच शिपाई. मूळ जनुकाला हात लागत नाहीं. त्याच्या नकला तेवढ्या कमी होतात.

बुरशीच्या अभ्यासांत ह्याचें मोल विशेष आहे. पुष्कळ बुरशींत बाहेरून घातलेला तुकडा नेमक्या जागीं बसत नाहीं, वाटेल तेथें रुततो. त्यामुळें ठरविलेलें जनुक काढून टाकणें जिकिरीचें होतें. शमनाला जागेची पर्वा नाहीं. शिवाय एका धाग्यांत अनेक केंद्रकें असलीं तर प्रत्येकांतलें जनुक वेगळें मोडावें लागतें. शमनाचा दूत मात्र सर्व बिऱ्हाडांना एकदम वर्दी देतो, हें वरच्या जोडीच्या प्रयोगांत आपण पाहिलेंच. माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशींत ही युक्ति २००२ सालीं साधली. एक जनुक गप्प करतां तिच्या वसाहती गुलाबी झाल्या, आणि दुसरें गप्प करतां तिच्या अंगावरचें जाड संरक्षक वेष्टन नाहींसें झालें. फुफ्फुसांत शिरणाऱ्या हिस्टोप्लाझ्मा बुरशीच्या भिंतींत एक विशिष्ट शर्करामय द्रव्य असतें. तें रोगाचें कारण आहे कीं केवळ सोबती, हा जुना वाद होता. २००४ सालीं तें द्रव्य तयार करणारें जनुक गप्प केलें असतां बुरशीची शरीरांतील रक्षक पेशींना मारण्याची व उंदरांच्या फुफ्फुसांत घर करण्याची शक्ति खालावली, आणि त्या वादाचा निकाल लागला.

आमच्या कोंकणांतल्या वाचकांना भातावरचा करपा नवा नाहीं. तो रोग आणणारी बुरशी जपानांत कोबे येथील शास्त्रज्ञांनीं हातीं घेतली. त्यांच्या एका कामाची हातोटी पाहण्यासारखी आहे. शमन कोणत्या वाणांत साधलें आणि कोणत्यांत नाहीं, हें एकेक तपासणें फार वेळ खातें. म्हणून त्यांनीं आधीं बुरशींत हिरवा उजेड देणाऱ्या प्रथिनाचें जनुक बसविलें, आणि मग जें जनुक गप्प करावयाचें त्याच्याबरोबरच ह्या उजेडाच्या जनुकाचेंहि शमन योजिलें. जो वाण अंधारला त्यांत दुसरें जनुकहि गप्प झालें असणार. अशा रीतीनें पेशींतील कॅल्शियमच्या निरोपांशीं संबंधित ३७ जनुकें त्यांनीं एकामागून एक तपासलीं व २००८ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांपैकीं बहुतेक सर्व वाढीला, बीजाणु धरण्याला किंवा रोग पसरविण्याला लागतात असें ठरलें. रोमच्या मंडळींना पांढऱ्या रंगानें जें सांगितलें, तें येथें अंधारानें सांगितलें.

ह्या युक्तीचे दोषहि सांगितले पाहिजेत, एरव्हीं विद्यार्थ्यांची दिशाभूल होईल. शमन कधींहि पुरें नसतें; कांहीं नकला निसटतातच. त्यामुळें जनुक गप्प केल्यावर कांहींच फरक पडला नाहीं तर तें जनुक निरुपयोगी आहे असें म्हणतां येत नाहीं. उरलेल्या थोड्या नकलांनींहि काम भागलें असेल. जादा तुकडे गळून पडले कीं शमनहि ओसरतें. आणि पंचवीस अक्षरांचें वर्णन योगायोगानें भलत्याच नकलेशीं जुळलें तर निरपराध्याचाच बळी जातो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे लोक एकाच जनुकाचे दोन निरनिराळे तुकडे वापरून पाहतात. दोहोंचा परिणाम एकच आला तर भरंवसा धरतात. न्युरोस्पोरांत तर २००४ नंतर जनुक नेमकें काढून टाकण्याची रीत इतकी सुधारली कीं तेथें शमनाची गरज पुष्कळ कमी झाली. जेथें जनुक काढतां येत नाहीं, किंवा काढल्यावर बुरशीच जगत नाहीं, तेथें अजूनहि त्याचाच आधार असतो.

मनुष्यानें शोधलेली ही युक्ति बुरशी स्वतःच्या बचावासाठीं स्वतःवर चालवीत असेल, असें कोणास वाटलें नव्हतें. २०१४ सालीं म्युकर बुरशींत तेंच दिसलें. २०२१ च्या उन्हाळ्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेमागून म्युकरमायकोसिस हें नांव महाराष्ट्रांत घरोघर भीतीनें उच्चारलें गेलें, तें ह्याच गणांतील बुरशींमुळें. भारतांत त्या रोगास बहुधा ऱ्हायझोपस ही तिची नातलग कारण होते. प्रयोगशाळेंत म्युकरला एक बुरशीरोधक द्रव्य दिलें असतां तिचे कांहीं वाण त्याला दाद देईनासे झाले. द्रव्य ज्या प्रथिनाला धरून काम करतें त्याचें जनुक बिघडलें असावें, ही स्वाभाविक अपेक्षा. कित्येकांत तसें होतेंहि. परंतु कांहींत तें जनुक अक्षर न् अक्षर शाबूत होतें. बुरशीनें तें नुसतें गप्प केलें होतें. द्रव्य काढून घेतल्यावर कांहीं पिढ्यांत जनुक पुन्हां बोलूं लागलें व बुरशी पूर्ववत् झाली. दस्तऐवजांत एकहि अक्षर न बदलतां आलेली ही औषध-प्रतिकारशक्ति जनुकांच्या नेहमींच्या तपासणींत सांपडणार नाहीं. रोग्यांच्या दृष्टीनें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

द्राक्षें, टोमॅटो वगैरेंवर पडणारी बोट्रायटिस बुरशी तर आणखी पुढें गेली आहे. ती आपले आर्. एन्. ए. चे बारीक तुकडे झाडाच्या पेशींत सोडते, आणि तेथें झाडाच्याच आर्गोनॉटच्या हातीं ते देऊन झाडाचीं बचावाचीं जनुकें गप्प करवते. हें २०१३ सालीं उघडकीस आलें. शत्रूनें खोटें पकडपत्र लिहून आपल्याच शिपायाकडून आपलीं माणसें धरवावींत, असा हा कावा आहे. पण जो रस्ता बुरशीला खुला तो शेतकऱ्यालाहि खुला असणार. बार्लीच्या पानांवर फ्युझेरियम बुरशीच्या तीन जनुकांशीं जुळणारा दुपदरी आर्. एन्. ए. नुसता फवारला असतां त्या बुरशीची वाढ खुंटली, असें जर्मनींतल्या शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं दाखविलें. पानाच्या ज्या भागावर फवारा पडला नव्हता तेथेंहि तो रसवाहिन्यांतून पोंचला आणि बुरशीनें तो शोषून घेतला. मग त्यांनीं बुरशीचा एक असा वाण आणला कीं ज्याचा अडकित्ता काढून टाकलेला होता. न फवारलेल्या भागांत त्या वाणावर फवाऱ्याची मात्रा चालेना. म्हणजे तेथें तो दुपदरी धागा कापून स्वतःचा घात करण्याचें काम बुरशीचा स्वतःचाच अडकित्ता करीत होता.